स्वच्छ दिसणारं भांडं

मागच्या महिन्यात या सदरात कोकमाच्या आगळाबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेले बरेच प्रश्न आगळाचे नव्हतेच, वाइनचे होते. जांभळाची वाइन घरी करतात, तिची बरणी कशी धुवायची? डिशवॉशचा वास राहिला तर चालतो का? फिनेलने धुतलेला ड्रम वापरावा का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो : नाही. बाकीच्यांसाठी हा लेख.

आधी कायद्याची गोष्ट. महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा तिथे गुन्हा आहे. 'गोव्यात सगळं चालतं' असं आपल्या मंडळींना उगीच वाटतं. इथे अबकारी शुल्क कायदा १९६४ पासून आहे आणि भट्टी लावायला अबकारी खात्याचा परवाना लागतो. म्हणून हा लेख दारू करण्याची कृती नाही. आंबवण्याच्या भांड्यांची निगा एवढाच त्याचा विषय आहे. लोणचं, आगळ, व्हिनेगर, आल्याचं पेय, कोंबुचा, सगळ्यांना तो सारखाच लागू पडतो.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण माझं आजोळ पेडणे तालुक्यात आहे. मामांची काजूची बाग आहे आणि परवान्याची भट्टीही आहे. मार्च ते मे या हंगामात सुट्टीच्या दिवशी मी तिथे जातो. भाच्याला आग सांभाळायला देत नाहीत, हुर्राक चाखायला देतात आणि भांडी धुवायला लावतात. त्यामुळे या विषयातला माझा अनुभव मोरीच्या बाजूने आलेला आहे.

काजूचा रस आणि त्यातले पाहुणे

ज्यांनी भट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झाडावरून गळून पडलेली बोंडं गोळा करतात आणि बी पिळून वेगळी काढतात. मग जांभ्या दगडात कोरलेल्या कुंडात बोंडं पायांनी तुडवतात. या कुंडाला कोळंबी म्हणतात. गोव्यात खायच्या कोळंबीला सुंगट म्हणतात, त्यामुळे कोणाचा गोंधळ होत नाही. तुडवलेला चोथा दाबला की झिरपून येणारा गोड रस म्हणजे निरो. तो थंडगार पितात तेव्हा त्यात दारू नसते. तुडवून निघालेला रस मोठ्या भांड्यात दोन-तीन दिवस ठेवला की आपोआप फसफसतो. मग तो तांब्याच्या भाणात उकळून वाफ थंड करतात. पहिल्या धारेचं ते हुर्राक आणि पुन्हा ऊर्ध्वपातन झाल्यावर फेणी. हुर्राकात अल्कोहोल साधारण पंधरा टक्के असतं, फेणीत चाळीसच्या वर. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. रसात यीस्ट कोणीही घालत नाही. ती बोंडाच्या सालीवर असते, हवेत असते, भांड्यात असते. म्हणजे भट्टीतल्या माणसाला सगळे जंतू मारायचे नसतात. काही हवे असतात, काही नको असतात. दारू करणारी यीस्ट हवी. दारूचं व्हिनेगर करणारे ॲसिटिक जीवाणू नकोत. हे दोघे एकाच फळावर आणि एकाच चिलटाच्या पायावर बसून येऊ शकतात. ॲसिटिक जीवाणूंना हवा लागते, यीस्ट हवेशिवायही काम करते. म्हणून भांडं झाकलेलं असलं, भरलेलं असलं आणि त्याच्या कोपऱ्यात आधीचा कोणी दबा धरून बसलेला नसला, तर यीस्ट पुढे निघून जाते.

तो दबा धरून बसलेला कोण, हे दोन हंगामांपूर्वी कळलं.

सात ड्रम, दोन आंबट

त्या वर्षी मामांकडे सात ड्रम भरले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातल्या दोन ड्रमांचा वास वेगळा आला. यीस्टच्या कामाचा ब्रेडसारखा वास नव्हता, नाकाला झोंबणारा होता. मामांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, ''किदें तरी बिगडलां.'' त्यांच्या स्वरावरून कळलं की हे नुसतं चवीपुरतं नाही. ॲसिटिक जीवाणू दारूवरच जगतात. त्यांनी जेवढी खाल्ली तेवढी भाणातून बाहेर येणार नाही. दोन महिने माणसं लावून बोंडं वेचायची, बैलासारखी वाहायची, आणि त्यातला काही भाग ड्रमातच व्हिनेगर होऊन जायचा.

प्रत्येकाने आपापला आरोपी सांगितला. एकाच्या मते उन्हाळा जास्त होता. दुसऱ्याच्या मते बोंडं जास्त पिकलेली होती. मी ऑफिसात करतो तेच केलं, वहीत दोन रकाने पाडले. रस एकाच दिवसाचा. एकाच कोळंबीतला. पाणी एकाच विहिरीचं. सातही ड्रम एकाच माटवाखाली, सावलीत. सगळ्यांत उकळतं पाणी घालून फिरवलेलं. मग वेगळं काय? चांगल्या पाच ड्रमांतला रस वरून बादलीने काढत होते. बिघडलेल्या दोघांना खाली नळ बसवलेले होते.

रस बाजूला काढून पाना लावला आणि नळ सोडवला. बाहेरून चकचकीत होता. आत वॉशरच्या मागे बोटाला लागला तपकिरी, बुळबुळीत थर. विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो ना, तसा. त्याला इंग्रजीत बायोफिल्म म्हणतात, आपण त्याला बुळबुळ म्हणूया. ती नुसती घाण नसते. जीवाणू स्वतःभोवती चिकट पांघरूण तयार करतात आणि त्यात राहतात. वरून गरम पाणी किंवा औषध ओतलं की वरचे मरतात आणि आतले टिकतात. दुसऱ्या दिवशी गोड रस आला की त्यांचं जेवण पुन्हा सुरू.

आम्ही नळाचे सगळे भाग सुटे केले, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले आणि दहा मिनिटं उकळले. रबरी वॉशर नवा घातला, तो तर चहाच्या किमतीचा होता. बाकी काहीही बदललं नाही. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही. पुढच्या भरणीला ते दोन ड्रम बाकीच्या पाचांसारखेच वागले.

मला गंमत वाटली ती नंतर वाचताना. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात बिगो नावाच्या कारखानदाराचे ड्रमसुद्धा असेच बिघडत होते. तो बीटाच्या रसापासून अल्कोहोल करायचा. त्याचा मुलगा लुई पाश्चर यांचा विद्यार्थी होता. पाश्चर यांनी चांगल्या आणि वाईट दोन्ही पिंपांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्यात यीस्टचे गोल दाणे होते. आंबटलेल्यात त्याहून बारीक, काडीसारखे जीव होते आणि त्यांनी लॅक्टिक आम्ल केलं होतं. आमच्याकडचे पाहुणे ॲसिटिक, त्याच्याकडचे लॅक्टिक. पण धडा एकच : आंबट होणं हे नशीब नाही, कोणीतरी आत शिरलेलं असतं. पुढच्याच वर्षी पाश्चर यांनी लॅक्टिक आंबवणीवरचा निबंध मांडला आणि आंबण्याचं कारण जिवंत जीव आहेत हे सांगितलं.

धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

हाच या लेखाचा मुद्दा आहे. आपल्या डोक्यात ही दोन कामं एकच असतात. प्रत्यक्षात ती दोन आहेत आणि त्यांचा क्रम उलटत नाही. पहिलं काम म्हणजे डोळ्याला दिसणारं आणि बोटाला लागणारं सगळं काढणं. दुसरं काम म्हणजे जे दिसत नाही त्याची संख्या इतकी कमी करणं की ते त्रास देणार नाही. पहिलं नीट झालं नसेल तर दुसऱ्यासाठी कितीही महागडी पावडर आणा, ती घाणीवरच खर्च होते.

माझ्या मावशीला हे कोणी शिकवलं नाही. ती डिचोली तालुक्यात राहते. तिच्या लोणच्याच्या बरणीचा क्रम पाहा. आधी बरणी घासून धुवायची. मग कडक उन्हात पालथी घालून पूर्ण वाळवायची. शेवटी निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर बरणी उपडी धरायची. घासणं, वाळवणं, धुरी. बरणी ओली असेल तर ती धुरी देतच नाही. युरोपात वाइनच्या लाकडी पिंपात गंधक जाळायची चाल जुनी आहे. जळत्या गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, जंतूंना आवरतो. दोन्हींचं रसायन वेगळं आहे, पण भांडं रिकामं, कोरडं आणि घासलेलं असल्याशिवाय धूर आत सोडायचा नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

घासण्यासाठी माझी पसंती धुण्याच्या सोड्याला आहे. खाण्याचा सोडा नव्हे, तो फार सौम्य असतो. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडा घालून भांडं अर्धा तास भिजत ठेवा आणि मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नका, ते काळं पडतं आणि खातं. प्लॅस्टिकला तारेची घासणी कधीच नको. प्रत्येक ओरखडा म्हणजे जंतूंसाठी एक खोली. मऊ फडकं घ्या. सुगंधी डिशवॉशचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो, म्हणून मी तो टाळतो. फिनेलला तर या कामात जागाच नाही.

धुऊन झालं का हे कसं ओळखायचं? आतून बोट फिरवा. करकरलं तर झालं, घसरलं तर नाही. मग पाणी ओतून पाहा. काचेवर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन थांबलं तर तेलकटपणा बाकी आहे.

मारायचं कशाने?

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं औषध म्हणजे उकळतं पाणी. सोसणारी भांडी आणि सुटे भाग दहा मिनिटं पाण्यात बुडवून उकळा. नुसतं वरून ओतू नका, कारण ओतलेलं पाणी भांड्याला लागताच निवतं. काचेची बाटली थंड पाण्यातच ठेवून हळूहळू तापवा, नाहीतर तडकते.

उकळता येत नाही अशा मोठ्या ड्रमासाठी ब्लीच चालतं, पण मापाने. घरगुती ब्लीच साधारण पाच टक्क्यांचं असलं तर एक लिटर थंड पाण्यात चार मिली, म्हणजे सुमारे दोनशे पीपीएम. दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मग उकळून गार केलेल्या पाण्याने क्लोरीनचा वास जाईपर्यंत धुवायचं. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं आम्ल चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीवघेणा ठरतो. स्टीलमध्ये ब्लीच रात्रभर ठेवू नका, स्टीलला बारीक भोकं पडतात. लाकडाला आणि बुचाला ब्लीच लावूच नका. क्लोरीन आणि बुरशी मिळून ओल्या पुठ्ठ्यासारखा जो वास देतात, तो वाइनमधून पुन्हा काढता येत नाही.

सरबतं टिकवायला वापरतात ती केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, बरीच मंडळी वाइनच्या भांड्यांनाही वापरतात. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम आणि थोडं सायट्रिक आम्ल. आम्ल नसेल तर ती फारसं काम करत नाही. तिचा वायू नाकात झोंबतो. घरात कोणाला दमा असेल तर ती उघडूच नका.

नळाचं तोंड, चमचा, चाळणी अशा लहान गोष्टींना सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल शिंपडलं तरी पुरतं. शंभर टक्के का नाही? कारण थोडं पाणी असलं की ते जंतूच्या आत नीट शिरतं. अगदी शुद्ध अल्कोहोल बाहेरचं कवच झटकन गोठवतं आणि उडूनही जातं. अल्कोहोल शिंपडताना जवळ गॅस पेटलेला नको.

निर्जंतुक केलेलं भांडं फडक्याने पुसू नका. पालथं घाला, निथळू द्या. स्वयंपाकघरातल्या पुसण्याच्या फडक्यात काय काय राहतं हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर भूक जाईल.

भांडं कशाचं?

भट्टीतलं भाण तांब्याचं असतं, हे पाहून काही जण तांब्याच्या हंड्यात फळांचा रस आंबवायला ठेवतात. तसं करू नका. भाणात रस काही तासच असतो. तांबं वाफेतले गंधकाचे घाणेरडे वास धरून ठेवतं, म्हणून तिथे ते उपयोगी आहे. आंबट रस दोन-तीन दिवस तांब्यात किंवा पितळेत ठेवला तर धातू रसात उतरतो. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे : कळकणं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आजीला माहीत होतं, म्हणून तर कल्हईवाला दारात यायचा.

हे नुसतं चवीचं प्रकरण नाही. भारतातल्या लहान मुलांना यकृताचा एक गंभीर आजार व्हायचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित आणि शीला भावे, तसंच ब्रिटनमधले स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात त्याचा संबंध बाळांचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवण्याशी आणि ठेवण्याशी जोडून दाखवला. घरोघरी स्टील आलं आणि तो आजार मागे पडला. घासून लखलखीत केलेलं भांडंसुद्धा त्याच्यात काय ठेवतो त्यानुसार धोकादायक ठरू शकतं, हे यातून शिकायचं. आंबवण्यासाठी काच, चांगलं स्टील, चकचकीत चिनी माती किंवा अन्नासाठीचं प्लॅस्टिक घ्या.

प्लॅस्टिकबद्दल आणखी एक. बाजारात जुने निळे ड्रम स्वस्तात मिळतात. त्यात आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसतं. आधीचं रसायन प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं असेल तर सोडा, ब्लीच, ऊन, कशानेही ते पूर्ण जात नाही. तळाशी त्रिकोणात आकडा असला म्हणजे ड्रम अन्नासाठी आहे असंही नाही. तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. पेला आणि काटा-चमचा यांची खूण शोधा, किंवा ज्यात खाद्यपदार्थच आले होते असा ड्रम ओळखीच्या दुकानातून घ्या. मामांनी गेल्या वर्षी असाच एक फुकट मिळालेला ड्रम परत पाठवला. आता त्यात कोणाच्या तरी बागेला पाणी साठवतात.

धुण्याने जे जात नाही

एक गैरसमज मुद्दाम काढून टाकतो. 'नीट धुतलं तर घरची दारू विषारी होत नाही' असं काही जण म्हणतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. ते मिथेनॉल होतं. कोणाची घासणी कमी पडली म्हणून ती माणसं गेली नाहीत. मिथेनॉल धुऊन जात नाही, चवीने ओळखू येत नाही आणि डोळे व जीव दोन्ही घेतं. म्हणून उत्साहात येऊन घरी प्रेशर कुकरला नळी लावण्याचे व्हिडिओ पाहू नका. ऊर्ध्वपातन परवानाधारक भट्टीवाल्याला करू द्या.

भांडी धुण्याचं काम कोणाला आवडत नाही. फोटोत ते येत नाही. पहिल्या धारेचं हुर्राक ग्लासात ओततानाचा फोटो सगळे टाकतात, नळाच्या वॉशरचा कोणी टाकत नाही. पण सात ड्रमांपैकी किती भाणापर्यंत धड पोहोचतील हे त्या वॉशरवर ठरतं. तुमच्या घरी कोंबुचाची किंवा व्हिनेगरची नळ असलेली बरणी असेल तर या रविवारी तो नळ सुटा करा आणि मागे बोट फिरवा.

आणि हो, व्हिनेगरची बरणी व्हिनेगरलाच ठेवा. तिच्यात दुसरं काही आंबवू नका. तिथे राहणारे बिऱ्हाड सोडत नाहीत.

पुढच्या महिन्यात काजूच्या बियांबद्दल : भाजताना उडणारा चीक, त्याने हातावर पडणारे फोड आणि त्यावर गावाकडे काय लावतात.